न्यायाचा पहारेकरी

फौजदारी खटल्यांत एका बाजूस राज्य उभें असतें. त्याच्यापाशीं पोलीस असतात, सरकारी वकील असतो, तुरुंग असतो, आणि वेळही हवा तितका असतो. दुसऱ्या बाजूस आरोपी एकटा असतो; आणि तो निर्धन व निरक्षर असला, तर कायद्याच्या वचनाखेरीज त्याला दुसरा आधार नसतो. हा सामना बरोबरीचा व्हावा म्हणून कांहीं नियम ठरले आहेत. अटकेचें कारण सांगितलें पाहिजे, वकिलाचा सल्ला घेऊं दिला पाहिजे, खटला उघड्या न्यायालयांत व वाजवी मुदतींत चालला पाहिजे, हे ते नियम होत. परंतु नियम लिहिणें आणि तो पाळला जातो कीं नाहीं हें पाहणें, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. या दोहोंमध्यें केवढें अंतर पडूं शकतें, आणि तें कोणीं व कसें उघडकीस आणलें, याची स्वतंत्र भारतांतील हकीकत मनन करण्याजोगी आहे.

भारताची घटना तयार होत असतां व्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमावर मोठा वाद झाला. कायद्यानें ठरविलेल्या पद्धतीखेरीज कोणाचें जीवित अथवा स्वातंत्र्य हिरावून घेतां येणार नाहीं, एवढेंच त्यांत म्हटलें होतें. पण कायद्यानें ठरविलेली पद्धतिच अन्यायाची असली तर काय करावें, असा अनेक सभासदांचा आक्षेप होता. तेव्हां १५ सप्टेंबर १९४९ रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं घटनासमितींत एक नवें कलम मांडलें. तेंच पुढें घटनेचें बाविसावें कलम झालें. अटक झालेल्या मनुष्यास कारण कळविलें पाहिजे, पसंतीच्या वकिलाची मदत घेऊं दिली पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आंत त्याला मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें पाहिजे, अशी त्यांत तरतूद आहे. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा अपवाद त्याच कलमांत राहिला, ही गोष्ट निराळी. चोवीस तासांच्या अटीचें मर्म असें कीं, पोलीस कोठडींत काय चाललें आहे हें पाहणारा पहिला त्रयस्थ मनुष्य म्हणजे मॅजिस्ट्रेट होय. त्यानें आरोपीकडे नीट पाहिलें, त्याला दोन प्रश्न विचारले, तर कलम सजीव राहतें. त्यानें कोठडीची मुदत वाढविणाऱ्या कागदावर नुसती सही केली, तर तें निर्जीव होतें.

घटना अमलांत येऊन एकोणतीस वर्षें होत आलीं, तेव्हां राष्ट्रीय पोलीस आयोगाचे एक सभासद श्री. के. एफ. रुस्तमजी यांनीं बिहारांतील तुरुंगांना भेटी दिल्या. रुस्तमजी यांचा जन्म नागपूरजवळील कामठीचा. त्यांची सारी हयात पोलीस खात्यांत गेली होती, आणि सीमा सुरक्षा दलाचे ते पहिले प्रमुख होते. पोलिसांविषयीं आकस धरणारा हा गृहस्थ नव्हे. असें असूनही तुरुंगांत त्यांना जें दिसलें तें झांकून ठेवणें त्यांना प्रशस्त वाटलें नाहीं. जानेवारी १९७९ मध्यें ‘इंडियन एक्स्प्रेस’ या पत्रांत त्यांनीं दोन लेख लिहिले. ज्यांच्यावरील आरोप अद्याप शाबीत व्हावयाचा आहे, असे कच्चे कैदी वर्षानुवर्षें तुरुंगांत खितपत पडले आहेत, हें त्या लेखांनीं जगापुढें मांडलें.

ते लेख सर्वोच्च न्यायालयांत वकिली करणाऱ्या श्रीमती कपिला हिंगोराणी यांच्या पाहण्यांत आले. त्यांनीं त्या कैद्यांच्या वतीनें देहोपस्थितीचा अर्ज दाखल केला. असा अर्ज बंदिवानानें स्वतः किंवा त्याच्या आप्तानें करावयाचा, ही आजवरची रूढि. परंतु ज्यांना न्यायालय म्हणजे काय हेंच ठाऊक नाहीं, आणि ज्यांच्या आप्तांपाशीं दिल्लीच्या प्रवासाचें भाडेंही नाहीं, त्यांचा अर्ज कोणी करावयाचा? एका बंदिवान स्त्रीच्या नांवावरून ‘हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य’ म्हणून प्रसिद्ध झालेला तो खटला न्यायमूर्ति पी. एन. भगवती व त्यांचे सहकारी यांच्यापुढें चालला.

त्या सुनावणींत जें निघालें तें वाचतां मन सुन्न होतें. पांच वर्षें, सात वर्षें, नऊ वर्षें, कांहीं थोडे तर दहा वर्षांहूनही अधिक काळ, खटला सुरूसुद्धां न होतां कोंडलेले होते. गुन्हा शाबीत झाला असता तर जी जास्तींत जास्त शिक्षा झाली असती, तिच्याहून अधिक काळ कित्येकांनीं तुरुंगांत काढला होता. कांहीं स्त्रियांवर तर कसलाच आरोप नव्हता. त्या गुन्ह्याला बळी पडलेल्या किंवा गुन्ह्याच्या साक्षीदार होत्या, आणि ‘संरक्षणा’च्या नांवाखालीं त्यांना तुरुंगांत ठेवलें होतें.

हे लोक जामिनावर कां सुटले नाहींत, याचें उत्तर आदल्याच वर्षीं दुसऱ्या एका खटल्यानें देऊन ठेवलें होतें. मध्यप्रदेशांतील मोतीराम नांवाच्या गवंड्यास सर्वोच्च न्यायालयानें जामिनावर सोडण्याचा हुकूम केला. खालच्या मॅजिस्ट्रेटनें दहा हजार रुपयांचा जामीन मागितला, आणि जामीनदार परजिल्ह्यांतला म्हणून तो नाकारला. न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं १९७८ मध्यें हें वर्तन निंद्य ठरविलें. जामिनाची रक्कम आरोपीच्या ऐपतीबाहेरची असली म्हणजे जामीन मंजूर होऊनही गरीब आंतच राहतो. बिहारांतील तुरुंग भरले ते बव्हंशीं याच रीतीनें.

या खटल्यांतील शिकण्याजोगी गोष्ट न्यायालयाच्या संतापांत नाहीं, तर त्यानें विचारलेल्या प्रश्नांत आहे. कैद्यांना वेळोवेळीं मॅजिस्ट्रेटपुढें उभें केलें जात होतें, असें सरकारनें प्रतिज्ञापत्रावर सांगितलें. न्यायालयानें विचारलें, कोणकोणत्या तारखांना? सुमारें दहा टक्के प्रकरणीं तज्ज्ञांचे अभिप्राय वेळेवर न आल्यानें तपास अडला, असें सरकार म्हणालें. मग अधिक तज्ज्ञ नेमण्यास कोणाची हरकत आहे, असें न्यायालयानें सुनावलें. किरकोळ गुन्हे व गंभीर गुन्हे असे दोन विभाग पाडून कच्च्या कैद्यांचा वर्षवार तक्ता सादर करण्यास सांगितलें. इतकेंच नव्हे, तर बिहारांत फौजदारी न्यायालयें कोठें कोठें आहेत, ३१ डिसेंबर १९७८ रोजीं प्रत्येकापुढें किती खटले पडून होते, आणि सहा महिन्यांहून जुने खटले कां निकालांत निघाले नाहींत, याचाही जाब मागितला. देशांतील श्रेष्ठ न्यायालय खालच्या न्यायालयांचीं दप्तरें असें मोजूं लागलें, हें अपूर्व होतें.

९ मार्च १९७९ च्या निकालांत न्यायालयानें दोन तत्त्वें निःसंदिग्धपणें सांगितलीं. आदल्या वर्षीं मेनका गांधी यांच्या खटल्यांत, स्वातंत्र्य हिरावून घेणारी पद्धति न्याय्य, सरळ व वाजवी असली पाहिजे, असा निर्णय झालाच होता. त्यावरून आतां असें निष्पन्न झालें कीं, ज्या पद्धतींत खटला शीघ्र चालत नाहीं ती न्याय्य नव्हे. आणि ज्या पद्धतींत निर्धन आरोपीस सरकारी खर्चानें वकील मिळत नाहीं, तीही न्याय्य नव्हे. तिजोरींत पैसा नाहीं, ही सबब राज्याला पुढें करतां येणार नाहीं, हेंही न्यायालयानें बजावलें. नव्यानें उभारणी करणाऱ्या देशांत शाळा, धरणें, दवाखाने यांना पैसा अपुरा पडतो, तेथें कैद्याच्या वकिलासाठीं कोठून आणावा, असें म्हणणारे थोडे नव्हते. मनुष्याचें स्वातंत्र्य ही उरल्या पैशांतून भागविण्याची गरज नव्हे, असें त्यांना उत्तर मिळालें. जे जामिनास पात्र झाले होते त्यांच्यासाठीं पुढच्या तारखेस सरकारनें स्वखर्चानें वकील द्यावा, असा हुकूम झाला. आणि हजारों कच्चे कैदी तुरुंगाबाहेर आले.

हा पायंडा लवकरच मुंबईस पोंचला. पत्रकार शीला बारसे यांनीं मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगांतील पंधरा स्त्रियांची मुलाखत घेतली. पोलीस कोठडींत आपणांस मारहाण झाली, असें त्यांपैकीं पांचजणींनीं सांगितलें. बारसे यांनीं सर्वोच्च न्यायालयास पत्र लिहिलें. न्यायालयानें तें पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतलें आणि चौकशीचें काम ‘निर्मला निकेतन’ या समाजकार्याच्या महाविद्यालयाच्या संचालिकांकडे सोंपविलें. १९८३ च्या निकालांत स्त्रियांसाठीं स्वतंत्र कोठड्या असाव्यात व त्यांवर स्त्री-शिपायांचा पहारा असावा, अटक होतांच कायदेसाहाय्य समितीस खबर द्यावी, पोलिसांनीं छळ केला काय हें मॅजिस्ट्रेटनें आरोपीस विचारावें, असे नियम घालून दिले गेले. त्यांतच आणखी एक मार्मिक नियम होता: सत्र न्यायालयाच्या एका न्यायाधीशानें, शक्यतों स्त्री-न्यायाधीशानें, शहरांतील कोठड्यांना पूर्वसूचना न देतां भेटी द्याव्यात. पूर्वसूचना दिली कीं कोठडी झाडून-पुसून ठेवली जाते, हें न्यायालय जाणून होतें.

पुढें कायदेही झाले. १९८७ मध्यें कायदेसेवा प्राधिकरणांचा कायदा संमत झाला. जास्तींत जास्त शिक्षेचा निम्मा काळ तुरुंगांत काढलेल्या कच्च्या कैद्यास सोडावें, अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीनें आली. मृत्युदंडास पात्र असे गुन्हे तिच्यांतून वगळले होते. कच्च्या कैद्यांचीं प्रकरणें तपासणाऱ्या समित्या जिल्ह्याजिल्ह्यांत बसवाव्यात, असें २०१५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें फर्माविलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या संहितेनें पूर्वीं कधींही कोणत्याही गुन्ह्यांत दोषी न ठरलेल्या मनुष्यासाठीं ती मुदत एकतृतीयांशावर आणली, आणि मुदत भरतांच न्यायालयास लेखी कळविण्याचें काम तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकलें. तरीही २०२२ अखेर भारताच्या तुरुंगांतील ५,७३,२२० बंदिवानांपैकीं ४,३४,३०२ हे कच्चेच होते. म्हणजे शंभरांत सुमारें शहात्तर.

या आंकड्यांवरून कायदे व्यर्थ आहेत असें अनुमान काढणें चुकीचें होईल. बिहारांत कायदा होता, मॅजिस्ट्रेट होते, तारखाही पडत होत्या. त्यांच्याकडे बाहेरून पाहणारें मात्र कोणी नव्हतें. एका पोलीस अधिकाऱ्यानें पाहिलें, एका वकील स्त्रीनें तें न्यायालयांत नेलें, आणि न्यायाधीशांनीं तारखा विचारल्या, तेव्हां तींच कलमें कामास आलीं. फौजदारी न्यायालय हें उघडें न्यायालय असून तेथें कोणाही नागरिकास जाऊन बसतां येतें, हा नियम १८९८ च्या संहितेंत होता, १९७३ च्या संहितेंत होता, आणि आजच्या संहितेंतही आहे. जिल्ह्याच्या न्यायालयांत आरोपींची मुदत वाढविण्याचें काम रोज चालतें. प्रेक्षकांचीं बांकें तेथें बहुधा रिकामीं असतात. तीं भरण्यास नव्या कायद्याची गरज नाहीं.