अग्निशमन केंद्रांसाठी कर्जरोखे: बंगळूरुतील राजाजीनगरच्या निमित्ताने

बंगळूरुच्या पश्चिम भागातील राजाजीनगर ही वसाहत स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत औद्योगिक उपनगर म्हणून आखण्यात आली. देशाचे अखेरचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव तिला देण्यात आले. त्या काळी शहराचा विस्तार आखण्याचे काम १९४५ मध्ये स्थापन झालेल्या नगर सुधार विश्वस्त मंडळाकडे होते; १९७६ मध्ये त्याची जागा बंगळूरु विकास प्राधिकरणाने घेतली. लहान कारखाने, कामगारांची घरे, एकमजली बंगले आणि रुंद रस्ते असे या वसाहतीचे मूळ रूप होते. आज तिच्यावरून मेट्रो धावते. संपिगे रोड ते पीण्या या टप्प्याबरोबर राजाजीनगर स्थानक मार्च २०१४ मध्ये सुरू झाले. वसाहतीच्या कडेला सुमारे १२८ मीटर उंचीचे वर्ल्ड ट्रेड सेंटर उभे आहे आणि त्याला लागूनच मोठे व्यापारी संकुल आहे. आतल्या गल्ल्यांत जुन्या घरांच्या जागी चार-पाच मजली इमारती आल्या आहेत. वस्ती बदलली, पण तिचे रक्षण करणाऱ्या यंत्रणेच्या इमारती त्या वेगाने बदलत नाहीत, आणि त्या बदलायच्या तर पैसा कोणी उभा करायचा, हा प्रश्न राजाजीनगरपुरता मर्यादित नाही.

अग्निशमन केंद्र जुने होते, तेव्हा केवळ भिंतींना तडे जातात असे नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या बंबांच्या मापाने बांधलेल्या गाळ्यांत आजची अवजड वाहने मावत नाहीत. वळण घेण्यास आवार पुरत नाही, पाण्याची टाकी अपुरी पडते. चोवीस तास सज्ज राहणाऱ्या जवानांना केंद्रालगत निवासस्थाने लागतात आणि तीच बहुधा सर्वांत मोडकळीस आलेली असतात. कर्नाटक अग्निशमन दलात २०२२ मध्ये ९० मीटरपर्यंत पोहोचणारी शिडी दाखल झाली. असे वाहन ठेवायला जागा लागते, आणि ते गर्दीच्या रस्त्यांतून वेळेत पोहोचावे यासाठी केंद्रे योग्य अंतरावर असावी लागतात. शहरी भागात वर्दी मिळाल्यापासून साधारण ३ ते ५ मिनिटांत बंब पोहोचावा, अशी शिफारस केंद्र सरकारच्या स्थायी अग्निशमन सल्लागार परिषदेने केलेली आहे. बंगळूरुची वाहतूक ज्याने पाहिली आहे, त्याला या मिनिटांचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. या शहराने ७ फेब्रुवारी १९८१ रोजी व्हीनस सर्कशीच्या तंबूला लागलेली आग पाहिली. तीत नव्वदहून अधिक प्राण गेले आणि मृतांत बहुसंख्य मुले होती. २३ फेब्रुवारी २०१० रोजी कार्लटन टॉवर्स या कार्यालयीन इमारतीच्या आगीत ९ जण मृत्युमुखी पडले.

अमेरिकेतील अनेक शहरे अशा कामांसाठी कर्जरोखे काढतात. सॅन फ्रान्सिस्को हे त्याचे ठळक उदाहरण होय. भूकंपाच्या छायेत राहणाऱ्या या शहराने अग्निशमन केंद्रे, पोलीस ठाणी आणि आगीसाठीची स्वतंत्र जलवाहिनी यांच्या पुनर्बांधणीकरिता २०१०, २०१४ आणि २०२० अशी तीन वेळा रोख्यांची योजना मतदारांपुढे ठेवली. रक्कम अनुक्रमे सुमारे ४१.२ कोटी, ४० कोटी आणि ६२.८ कोटी डॉलर इतकी होती. मंजुरीसाठी दोन तृतीयांश मते आवश्यक असताना तिन्ही वेळा त्याहून पुष्कळ अधिक मते मिळाली. रोख्यांची परतफेड मालमत्ता कराच्या वाढीव भागातून होते, हे मतदाराला मत देतानाच ठाऊक असते. म्हणजे कर्ज कशासाठी, किती आणि फेडणार कोण, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच मतपत्रिकेवर असतात.

भारतात महापालिकांच्या कर्जासाठी सार्वमत घेण्याची पद्धत नाही. १९१४ च्या स्थानिक प्राधिकरण कर्ज अधिनियमाच्या काळापासून नगरसंस्थांच्या कर्जावर वरच्या सरकारचे नियंत्रण राहिले असून, कर्ज काढण्यास राज्य सरकारची संमती लागते. मात्र कर्जरोख्यांच्या बाबतीत बंगळूरुला एक मान आहे. आर्थिक उदारीकरणानंतर देशातील पहिले महापालिका रोखे याच शहराने काढले. तत्कालीन बंगळूरु महानगरपालिकेने १९९७ मध्ये १२५ कोटी रुपये उभारले. व्याजदर १३ टक्के होता, पैसा रस्ते आणि गटारांसाठी होता, आणि परतफेडीला राज्य सरकारची हमी होती. पुढच्याच वर्षी अहमदाबादने १०० कोटींचे रोखे सरकारी हमीशिवाय काढले आणि पाणीपुरवठा व मलनिस्सारणासाठी वापरले. त्याआधी त्या महापालिकेने करवसुली सुधारली होती. नाशिकने १९९९ मध्ये १०० कोटी, तर नागपूरने २००१ मध्ये ५० कोटी रुपये उभारले. महाराष्ट्रातील या दोन शहरांचे रोखेही हमीविनाच होते.

त्यानंतर बराच काळ हा बाजार थंडावला. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने, म्हणजे सेबीने, २०१५ मध्ये महापालिका रोख्यांसाठी स्वतंत्र नियमावली केली आणि त्याला पुन्हा चालना मिळाली. जाहीर विक्रीसाठी गुंतवणूकयोग्य पतमानांकन आवश्यक ठरले. मागील तीन आर्थिक वर्षांपैकी एकाही वर्षी महापालिकेचे निव्वळ मूल्य उणे नसावे आणि परतफेडीचे उत्पन्न वेगळ्या खात्यात बाजूला काढावे, असे दंडक घालण्यात आले. जून २०१७ मध्ये पुण्याने चोवीस तास पाणीपुरवठ्याच्या योजनेसाठी ७.५९ टक्के दराने २०० कोटी रुपये उभारले. त्यानंतर हैदराबाद, इंदूर, लखनऊ, गाझियाबाद, वडोदरा, पिंपरी-चिंचवड अशी नावे जोडली गेली. केंद्र सरकारने अमृत योजनेतून प्रत्येक १०० कोटींमागे १३ कोटी आणि कमाल २६ कोटी रुपयांचे प्रोत्साहन अनुदान देऊ केले.

या यादीतील पैसा गेला कोठे, हे पाहिले तर पाणी, सांडपाणी, रस्ते, नदीसुधार, गृहनिर्माण, सौरऊर्जा अशी कामे दिसतात. अग्निशमन केंद्रांची पुनर्बांधणी हे त्यांपैकी कोणत्याही मोठ्या रोख्याचे मुख्य प्रयोजन नव्हते. पाण्याची पट्टी आकारता येते, तशी विझलेल्या आगीची आकारता येत नाही, हे त्यामागचे सरळ कारण. पण बंगळूरुत याहून मूलभूत अडचण आहे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने संविधानात बारावी अनुसूची आली. नगरसंस्थांकडे सोपविता येतील अशा १८ विषयांची ही यादी असून तिच्यात ‘अग्निशमन सेवा’ सातव्या क्रमांकावर आहे. मात्र विषय प्रत्यक्ष सोपवायचा की नाही, हे राज्याने ठरवायचे असते. कर्नाटकात १९६४ च्या अग्निशमन दल अधिनियमानुसार ही सेवा राज्याच्या गृह विभागाकडे आहे. राजाजीनगरचे अग्निशमन केंद्र हे राज्य दलाचे केंद्र आहे. महापालिकेचा त्याच्या इमारतीवर हक्क नाही आणि जवानांवर अधिकारही नाही. पोलीस हा तर राज्यसूचीतीलच विषय असल्याने पोलीस ठाण्याबाबत प्रश्नच उद्भवत नाही. परिणामी ज्या संस्थेला कर्जरोखे काढता येतात तिची ही मालमत्ता नाही, आणि ज्या विभागाची मालमत्ता आहे त्याला स्वतःच्या नावाने रोखे काढता येत नाहीत. देशातले पहिले महापालिका रोखे काढणारे शहर आपल्याच एका वसाहतीतील अग्निशमन केंद्रासाठी त्या मार्गाने जाऊ शकत नाही, ते यामुळे.

महाराष्ट्रातील वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण मुंबई, पुणे, नागपूर येथील अग्निशमन दले महापालिकांची आहेत. मुंबईत तर १८८८ च्या महापालिका अधिनियमापासून ही जबाबदारी पालिकेवर आहे. १४ एप्रिल हा देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा दिन १९४४ च्या मुंबई गोदी स्फोटात प्राण गमावलेल्या याच दलाच्या जवानांच्या स्मरणार्थ असतो. केंद्र आपले, जमीन आपली, कर्ज काढण्याचा अधिकारही आपला, अशी सोय या शहरांना आहे. तरी त्यांचा मार्गही निर्वेध नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ यात अग्निशमन शुल्क आकारण्याची तरतूद आहे आणि असे शुल्क रोख्यांच्या परतफेडीचा आधार होऊ शकते. परंतु २०२१ मध्ये मुंबई महापालिकेने मागील काही वर्षांच्या थकबाकीसह त्याची वसुली करण्याचे ठरविताच तीव्र विरोध झाला आणि वसुलीला स्थगिती मिळाली. आग विझविण्याची सेवा हवी, तिची स्वतंत्र पट्टी नको, ही नागरिकांची भूमिका समजण्यासारखी आहे. गुंतवणूकदाराला मात्र तीवर विसंबता येत नाही.

कर्नाटकात सुरक्षा यंत्रणांच्या इमारतींसाठी पैसा आजवर तीन वाटांनी आला आहे. पहिली राज्याच्या अर्थसंकल्पाची. दुसरी राज्याच्या महामंडळाची: १९८५ मध्ये स्थापन झालेले पोलीस गृहनिर्माण महामंडळ वित्तसंस्थांकडून कर्ज घेऊन निवासस्थाने बांधते आणि परतफेडीचा भार अखेर राज्याच्याच तिजोरीवर पडतो. महाराष्ट्रात असे महामंडळ १९७४ पासून आहे. तिसरी वाट केंद्रीय योजनांची. निर्भया निधीतील सुमारे ६६७ कोटी रुपयांच्या बंगळूरु सुरक्षित शहर प्रकल्पात केंद्र आणि राज्य यांचा वाटा ६० व ४० टक्के ठरला. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर केंद्राने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी व आधुनिकीकरणासाठी ५,००० कोटी रुपयांची योजना जाहीर केली; तीत बहुतेक राज्यांनी २५ टक्के हिस्सा उचलायचा आहे. रक्कम देशभरासाठी असल्याने एका शहराच्या, त्यातही एका वसाहतीच्या वाट्याला किती येणार, याचा अंदाज वाचकाने बांधावा.

समजा, या अडचणी बाजूला ठेवून शहरातील काही जुनी केंद्रे पाडून नवी बांधण्यासाठी १०० कोटींचे रोखे काढले, व्याजदर ८ टक्के आणि मुदत १० वर्षे धरली आणि समान वार्षिक हप्ते ठेवले, तर दरवर्षी सुमारे १५ कोटी रुपये बाजूला काढावे लागतील. मोठ्या शहराच्या महापालिकेला हे जड नाही. प्रश्न आहे तो ही रक्कम कोणाच्या हिशेबातून निघणार, याचा.

तो हिशेब सध्या नव्याने मांडला जात आहे. २००७ मध्ये स्थापन झालेली बृहत् बंगळूरु महानगरपालिका इतिहासजमा झाली असून २०२४ च्या बृहत् बंगळूरु प्रशासन अधिनियमाखाली सप्टेंबर २०२५ मध्ये तिच्या जागी पाच महापालिका अस्तित्वात आल्या. त्यांच्यावर मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील बृहत् बंगळूरु प्राधिकरण आहे. राजाजीनगर पश्चिम महापालिकेत मोडते. जुन्या महापालिकेची मालमत्ता आणि देणी विभागली जात असताना नव्या संस्थेला तीन वर्षांचा स्वतंत्र ताळेबंद दाखविणे सोपे नाही. शिवाय जुन्या महापालिकेच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपल्यावर ती विसर्जित होईपर्यंत कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. सॅन फ्रान्सिस्कोचा मतदार ज्या प्रश्नावर थेट मत देतो, त्यावर येथे पाच वर्षे नगरसेवकालाही बोलता आले नाही.

कर्ज काढण्याची तयारी मात्र शहरात आहे. राज्याच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ४०,००० कोटी रुपयांच्या भुयारी रस्त्यांसाठी १९,००० कोटींची सरकारी हमी जाहीर करण्यात आली. भुयारी रस्त्यावर पथकर घेता येतो, म्हणून त्याला कर्ज मिळते. अग्निशमन केंद्र कर्जफेडीचे उत्पन्न मिळवीत नाही. ते नुकसान टाळते, आणि टळलेले नुकसान कोणत्याही ताळेबंदात जमा होत नाही.

तोडगा मुळीच नाही असे नव्हे. राज्याने १९९७ प्रमाणे हमी द्यावी आणि इमारतींची मालकी किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा महापालिकेकडे द्यावा, हा एक मार्ग. दुसरा मार्ग कर्नाटकाने स्वतःच अनुभवलेला आहे. २००५ मध्ये बंगळूरुभोवतीच्या आठ लहान नगरसंस्थांच्या पाणीपुरवठ्यासाठी राज्याच्या सामूहिक निधीमार्फत १०० कोटींचे करमुक्त रोखे काढण्यात आले. एकेकट्या संस्थेची पत पुरेशी नसताना सर्वांची एकत्र केल्याने ते शक्य झाले, आणि त्या आठही संस्था दोनच वर्षांनी बृहत् बंगळूरु महानगरपालिकेत विलीन झाल्या. पाच नव्या महापालिकांना तेच सूत्र अग्निशमन केंद्रांसाठी वापरता येईल. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालेल्या एक लाख कोटींच्या नागरी आव्हान निधीत प्रकल्पखर्चाचा २५ टक्क्यांपर्यंतचा भाग देण्याची तरतूद आहे. त्यासाठी निदान निम्मा खर्च रोखे, बँककर्ज किंवा खासगी भागीदारीतून उभा राहिला पाहिजे, अशी अट आहे. कोणताही मार्ग घेतला तरी आरंभ गृह विभाग आणि महापालिका यांच्यातील करारापासून करावा लागेल. केंद्राची जमीन कोणाची, नवी इमारत कोणाच्या नावे आणि हप्ता कोणत्या कराच्या कोणत्या भागातून जाणार, हे त्या करारात लिहिलेले नसेल, तर पतमानांकन संस्था पुढचे कागद उघडणार नाही.