एका आईने सुचवलेली बँक

अमेरिकेतल्या फिनिक्स शहरात 1960 च्या दशकात जॉन व्हॅन हेंगेल हे गृहस्थ सेंट व्हिन्सेंट द पॉल संस्थेच्या अन्नछत्रात विनामोबदला राबत. बागांत झाडांवरच राहून गेलेली संत्री-मोसंबी उतरवून छत्रात आणणं, हे त्यांच्या कामांपैकी एक. तिथेच त्यांना एक बाई भेटली. नवरा तुरुंगात, पदरी दहा मुलं. किराणा दुकानांमागच्या कचऱ्याच्या डब्यांतून ती मुलांची पोटं भरत होती, आणि त्या डब्यांतलं कितीतरी अन्न चांगलं असायचं.

पैशांसाठी बँक असते, तशी अन्नासाठी का नसावी? ज्याच्याकडे जास्त आहे त्याने जमा करावं, ज्याला हवं त्याने काढावं. ही कल्पना त्या बाईची. तिचं श्रेय हेंगेल तिलाच देत आणि ते तिलाच मिळायला हवं.

सेंट मेरीज चर्चने 3,000 डॉलर आणि एक ओस पडलेली बेकरी दिली. 1967 मध्ये तिथे सेंट मेरीज फूड बँक उभी राहिली. पहिल्याच वर्षी सुमारे अडीच लाख पौंड, म्हणजे शंभर टनांहून अधिक अन्न तिने 36 संस्थांना पोचवलं.

अन्नछत्र आपल्याला नवं नाही. शिर्डीला, अक्कलकोटला रोज पंगती उठतात. पण तिथे शिधा आणून मुद्दाम रांधतात. फूड बँक मुळात गोदाम आहे. चेपलेला डबा, चुकीचं लेबल, जवळ आलेली मुदत, एवढ्यावरून दुकानदार माल बाद करतो. तो उतरवून घ्यायचा, तारखा बघून निवडायचा आणि निवारे, अन्नछत्रं यांच्याकडे धाडायचा.

नुसत्या दयाबुद्धीवर हे काम अमेरिकेत देशभर पसरलं नसतं. 1976 च्या कायद्याने माल दान करणाऱ्या कंपन्यांना करात जादा सवलत दिली. 1996 च्या कायद्याने सद्‌हेतूने अन्न देणाऱ्याला खटल्यांपासून संरक्षण दिलं. मधल्या काळात, 1984 मध्ये, पॅरिसलाही फूड बँक सुरू झाली होती.

मुंबईत 2015 मध्ये डबेवाल्यांनी रोटी बँक सुरू केली. लग्नात, समारंभात उरलेलं जेवण उचलून भुकेल्यांना वाटायचं. शिजलेला भात आणि पातळ भाजी मुंबईच्या दमट हवेत काही तासांत आंबते. त्यामुळे इथे गोदामाचा उपयोग नाही. कार्यालयातून फोन आला की माणूस लगेच निघायला हवा, आणि पातेली रात्रीच रिकामी व्हायला हवीत.