अर्ध्या तासाची भाकर

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांसमोर येतात. आम्हां कष्टकऱ्यांच्या इतिहासात मात्र सकाळची न्याहारी आणि दुपारची भाकर यांमधल्या अंतराला मोठे स्थान आहे. आज त्याविषयीच चार शब्द सांगावयाचे आहेत.

आम्ही तरुणपणी लासलगावी कांद्याच्या एका खळ्यावर हमाली करीत होतो. पहाटे नुसता चहा घेऊन निघायचे आणि पाठीवर गोणी घ्यायची. एके दिवशी अकराच्या सुमारास हात थरथरू लागले, अंगाला गार घाम सुटला, पोटात ढवळू लागले. मुकादम हसून म्हणाला, "रात्रीची उतरली नाही वाटतं!" आम्ही दारूला कधी शिवलो नव्हतो. कांदा निवडणाऱ्या एका म्हातारीने पदरची भाकरी आणि गुळाचा खडा पुढे केला. "आधी हे तोंडात टाक रे पोरा, मग गोणी उचल." पाव तासात हात स्थिर झाले. मुकादमाचा शब्द मात्र पुष्कळ दिवस सलत राहिला.

म्हातारीला जे ठाऊक होते, ते शास्त्राने कसे शोधले ते पाहू. 1921 साली कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले व 1922 पासून ते मधुमेह्यांना मिळू लागले. मात्रा जास्त झाली की रोगी थरथरतो, घामाघूम होतो, बरळतो, हे तेव्हाच ध्यानी आले. 1924 साली सील हॅरिस या अमेरिकन डॉक्टरने दाखविले की इन्सुलिन न टोचलेल्या माणसातही अशी लक्षणे दिसू शकतात. रक्तातील साखर उतरली की शरीर ॲड्रिनलिन सोडते. थरकाप, धडधड, मळमळ ही त्याचीच हाक. तरीही साखर मिळाली नाही तर मेंदू उपाशी राहतो आणि शुद्धीवरचा माणूस झिंगल्यासारखा दिसतो. मुकादमाची चूक इथे होती.

पण प्रत्येक थरकाप साखरेचा नसतो. 1938 साली व्हिपल या शल्यवैद्याने तीन कसोट्या घालून दिल्या : लक्षणे असावीत, त्याच वेळी रक्तात साखर कमी भरावी, आणि साखर दिल्यावर लक्षणे जावीत. आमचे रक्त त्या दिवशी कोणी तपासले नव्हते. म्हणून साखरच उतरली होती असे आम्ही छातीठोक सांगत नाही. ऊन, पाण्याची तूट, अंगात रक्त कमी असणे यांनीही असे होते. वारंवार झाले तर तपासणी करावी, हेच खरे.

आता दुसरा धागा. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना परळला जमवून मागण्या मांडल्या. त्यांत रविवारच्या सुटीबरोबर दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती होती. 1891 च्या फॅक्टरी कायद्याने ती मान्य केली. 1948 च्या कायद्याने तर सलग पाच तासांहून अधिक काम विश्रांतीवाचून घेण्यास मनाई केली. लोखंड्यांनी रक्तातील साखर मोजली नव्हती. त्यांनी माणूस पाहिला होता.

हे कायदे कारखान्यांचे. लासलगावची बाजार समिती 1947 ची; पण हमालाला कायद्याचे छत्र मिळाले ते 1969 च्या माथाडी कायद्याने. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने 1974 साली 'कष्टाची भाकर' सुरू करून स्वस्त जेवणाची सोय केली. मजुरीच्या दराइतकीच जेवणाची वेळही मोलाची, हे त्या चुलीने शिकविले.

आज हा प्रश्न अधिक नाजूक झाला आहे. आमच्यातले कित्येक जण मधुमेहाच्या गोळ्या घेतात. काही गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन माणूस दोन वाजेपर्यंत उपाशी राबला, तर साखर झपाट्याने उतरते. 70 मिलिग्रॅमच्या खाली ती गेली की सावध व्हावे. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, मग भाकरी द्यावी. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही न घालता त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

आपल्याकडे उन्हातून आलेल्याला आधी गूळपाणी देतात, मग विचारपूस करतात. खळ्यावर थरथरणारा हात दिसला, तर तोच क्रम पाळावा. आधी गूळ, मग प्रश्न.