बँकवाल्यांचा पगार कोण ठरवतं?

२०१६ च्या ऑगस्टमध्ये, रिझर्व्ह बँकेचं गव्हर्नरपद सोडायला थोडेच दिवस राहिले असताना, रघुराम राजन मुंबईत एका बँकिंग परिषदेत म्हणाले होते की सरकारी बँका खालच्या लोकांना बाजारापेक्षा जास्त पगार देतात आणि वरच्यांना कमी. स्वतःलाही पगार कमीच मिळतो, असंही त्यांनी हसत हसत जोडलं. बातम्या झाल्या, युनियनवाले चिडले, आणि दोन दिवसांत सगळे विसरले.

मला मात्र प्रश्न पडला. असं झालंच कसं? बाकी सगळ्या जगात उलटं असतं ना? म्हणून या वीकेंडला जरा खोदकाम केलं. विषय रुक्ष वाटेल, पण मंडळी, गोष्ट भारी आहे. आणि शेवटी ती आपल्यापर्यंत येते.

आधी आकडे बघू. मार्च २०२४ च्या करारानुसार सरकारी बँकेत क्लार्कचं बेसिक सुरू होतं २४,०५० रुपयांपासून. स्केल एकचा अधिकारी, म्हणजे नवा पीओ, ४८,४८० पासून. स्केल सात म्हणजे जनरल मॅनेजर, १,५६,५०० पासून. म्हणजे नवा पीओ आणि जीएम यांच्या बेसिकमध्ये फरक साधारण सव्वातीन पट. क्लार्क आणि जीएममध्ये साडेसहा पट. महागाई भत्ता, घरभाडं, गाडी वगैरे वेगळं, पण सांगाडा हाच.

आता दुसरी बाजू. २०२२-२३ मध्ये स्टेट बँकेचे चेअरमन दिनेश खारा यांचा वर्षाचा पगार होता ३७ लाख. त्याच वर्षी एचडीएफसी बँकेचे प्रमुख शशिधर जगदीशन यांना मिळाले साधारण साडेदहा कोटी. स्टेट बँक आकाराने मोठी, तरी पगार अठ्ठावीस पटींनी कमी!

हे कुणी एका दिवसात बसून ठरवलेलं नाही. याची सुरुवात होते १९४६ मध्ये. त्या वर्षी एप्रिलमध्ये कलकत्त्याला ऑल इंडिया बँक एम्प्लॉईज असोसिएशन स्थापन झाली, आणि सप्टेंबरमध्ये मालकांची इंडियन बँक्स असोसिएशन, मुंबईत. तोवर प्रत्येक बँकेचा हिशोब वेगळा होता. संप, तंटे वाढले तसं प्रकरण लवादाकडे जायला लागलं, आणि १९४९ मध्ये केंद्र सरकारने देशभरातल्या बँकांसाठी के. सी. सेन यांच्या अध्यक्षतेखाली तीन जणांचं न्यायाधिकरण नेमलं.

इथे एक मजा झाली. सुनावणी चालू असताना एक सदस्य काही महिने दुसऱ्या सरकारी कामावर गेले, आणि उरलेल्या दोघांनी काम पुढे रेटलं. नंतर तिसरे परत आले आणि तिघांनी सह्या केल्या. १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने याच मुद्द्यावर सगळा निवाडाच रद्द केला. आपल्या भाषेत सांगायचं तर एक सर्व्हर डाऊन असताना ट्रान्झॅक्शन कमिट केलं, आणि नंतर सगळंच रोलबॅक. हजारो कारकुनांचा पगार परत शून्यावर.

मग आलं शास्त्री न्यायाधिकरण. त्यांचा निवाडा १९५३ चा. बँकांचे आकारानुसार ए ते डी वर्ग केले, गावांचे एरिया पाडले, आणि कुठल्या वर्गाच्या बँकेत, कुठल्या गावात, किती वर्षं नोकरी झाल्यावर किती पगार, याचं कोष्टकच बनवलं. पदवीधरांना जादा इन्क्रिमेंट, बँकिंगच्या परीक्षा पास झाल्या तर आणखी, कॅशची जबाबदारी असेल तर वेगळा भत्ता. ज्यांच्या घरी कुणी बँकेत आहे त्यांना हे शब्द पाठ असतील. ते तिथून आलेत.

यावर अपील झालं, अपिलाचा निकाल १९५४ मध्ये लागला, आणि तो सरकारने आपल्या अधिकारात बदलून कर्मचाऱ्यांना मिळालेलं काही कमी केलं. तेव्हाचे कामगारमंत्री व्ही. व्ही. गिरी यांनी याच्या निषेधार्थ सरळ राजीनामा दिला. बँक क्लार्कच्या पगारासाठी केंद्रीय मंत्री घरी गेला! आज खरं वाटत नाही. सरकारने मग मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांचा आयोग नेमला. काम चालू असतानाच ते वारले, आणि ते पुरं केलं न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी. हे आपले साताऱ्याचे, पुढे भारताचे सरन्यायाधीश झाले. त्यांच्या शिफारशींसाठी १९५५ मध्ये संसदेने खास कायदा केला. १९६२ मध्ये के. टी. देसाईंचा आणखी एक निवाडा आला.

म्हणजे जवळजवळ पंधरा वर्षं बँकेतल्या माणसाचा पगार न्यायाधीश ठरवत होते. शेवटी दोन्ही बाजू कोर्टकचेरीला कंटाळल्या असाव्यात. १९ ऑक्टोबर १९६६ ला बँक मालक आणि युनियन थेट समोरासमोर बसले आणि पहिला द्विपक्षीय करार झाला. तेच ते टेबल. आजही सरकारी बँकांचा पगार त्याच टेबलावर ठरतो, साधारण पाच वर्षांनी एकदा. मार्च २०२४ चा करार बारावा.

तीन वर्षांनी, १९ जुलै १९६९ ला, १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्यात पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्रही होती. गंमत म्हणजे त्या अध्यादेशावर सही होती हंगामी राष्ट्रपतींची, आणि ते होते तेच व्ही. व्ही. गिरी!

पण अधिकाऱ्यांचं काय? एकदा मालक सरकारच म्हटल्यावर एका बँकेचा मॅनेजर जास्त आणि दुसऱ्या बँकेचा कमी, हे चालेना. पिल्लई समितीने सगळ्या अधिकाऱ्यांना एका साच्यात बसवायची शिफारस केली, आणि १ जुलै १९७९ पासून स्केल एक ते सात ही शिडी लागू झाली. राजन ज्याबद्दल बोलत होते त्याचं उत्तर इथे आहे. खालचा पगार युनियनने टेबलावर भांडून वर नेला, आणि वरचा पगार सरकारी अधिकाऱ्यांच्या पगाराशी तुलना करून दाबून ठेवला गेला. मधल्यांना दोन्हींच्या मध्ये बसवलं.

या शिडीवर प्रमोशनही ठरलेल्या नियमाने. अरुंधती भट्टाचार्य १९७७ मध्ये स्टेट बँकेत पीओ म्हणून लागल्या आणि २०१३ मध्ये चेअरमन झाल्या. छत्तीस वर्षं, एकच शिडी, एकेक पायरी. अर्थात प्रमोशन म्हणजे बदली, म्हणून ते नाकारून आयुष्यभर एकाच गावात क्लार्क राहिलेले काकाही आपण पाहिलेत. पगाराचा फरक कमी असेल तर बदली कशाला घ्या? हिशोब चुकीचा नव्हता.

कॉम्प्युटरसुद्धा याच टेबलावरून आत आला बरं का. १९८३ मध्ये यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८७ मध्ये आणखी एक. कुठली मशिन्स, कुठे लावायची, ती चालवणाऱ्याला भत्ता किती, हे सगळं लिहून. आजही सरकारी बँक आयटी ऑफिसर घेते तो स्केल एकमध्येच, शेजारच्या साध्या पीओच्याच बेसिकवर. कोड कितीही भारी लिहा.

आणि मग १९९३. रिझर्व्ह बँकेने नव्या खासगी बँकांना दार उघडलं, पुढच्या दोनेक वर्षांत यूटीआय, आयसीआयसीआय, एचडीएफसी आल्या. एचडीएफसीने प्रमुख आणला तो थेट सिटीबँकेतून, आदित्य पुरी. इथे टेबल नव्हतंच. प्रत्येक माणसाचा पगार वेगळा, बंद खोलीत ठरलेला. शिवाय शेअर. २०२० च्या जुलैमध्ये, निवृत्तीच्या आधी, पुरींनी आपले साधारण ८४३ कोटींचे शेअर विकले. इकडे सरकारी बँकांनी २०००-०१ मध्ये व्हीआरएस आणली आणि सुमारे एक लाख लोक बाहेर पडले.

पण एक गोष्ट नीट बघा. खासगी बँकेच्या प्रमुखाचा पगारही मोकाट नाही. त्याला रिझर्व्ह बँकेची मंजुरी लागते. २००८ मध्ये अमेरिकेत बोनसच्या नादात काय झालं ते पाहिल्यावर नियम कडक होत गेले. २०१९ च्या नियमांनुसार प्रमुखाच्या एकूण मोबदल्यात निम्मा भाग तरी कामगिरीवर अवलंबून हवा, तो पक्क्या पगाराच्या तिप्पटीपेक्षा जास्त नको, त्यातला किमान ६० टक्के पुढच्या वर्षांवर ढकलायचा, आणि गडबड निघाली तर परतही घ्यायचा.

म्हणजे सरकारी बँकेतल्या क्लार्कच्या पगारावर युनियनचं लक्ष. खासगी बँकेच्या प्रमुखाच्या पगारावर रिझर्व्ह बँकेचं लक्ष. आणि खासगी बँकेतला मधला माणूस? टार्गेटवाला रिलेशनशिप मॅनेजर, क्रेडिटवाला, ब्रँच मॅनेजर? त्याच्या पगाराकडे त्याचा बॉस आणि एचआर सोडून कुणाचंच लक्ष नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या अहवालात आहे की काही खासगी आणि स्मॉल फायनान्स बँकांत दरवर्षी साधारण २५ टक्के लोक नोकरी सोडून जातात. टेबल नसलं की माणसाकडे वाटाघाटीचं एकच हत्यार उरतं, राजीनामा.

आता तर टेबलाचाही एक कोपरा खोलीत चाललाय. २०२० च्या करारात सरकारी बँकांतही इन्सेंटिव्ह आला, पण तो बँकेच्या नफ्यावर, सगळ्यांना सारख्या दिवसांच्या पगाराइतका. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्केल चारपासून वरच्यांसाठी वैयक्तिक कामगिरीवर आधारित वेगळी योजना आणली. युनियन भडकल्या. मार्च २०२५ च्या दोन दिवसांच्या संपाच्या मागण्यांत ही योजना मागे घ्या, हीसुद्धा होती. संप ऐन वेळी पुढे ढकलला गेला, भांडण मिटलेलं नाही.

माझं मत? टेबलाने खूप दिलं. कारकुनाला म्हातारपणाची खात्री दिली, फ्लॅट दिला, मुलांच्या इंजिनिअरिंगच्या फिया भरल्या. आयटीतल्या कितीतरी जणांचं शिक्षण त्याच वेतनकराराच्या एरिअर्समधून झालंय. पण काम करणारा आणि पेपर वाचत बसणारा, दोघांना एकच पगार, हेही त्याच टेबलाने केलं. आणि वर जायची भूकच मारली. हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण खोलीलाच मेरिट म्हणायचं हे मला पटत नाही. सत्तर वर्षांपूर्वीचं भांडण फक्त जास्त पैशांसाठी नव्हतं. पगार कुठल्या नियमाने ठरतो ते लिहून द्या, एवढी साधी मागणी त्यात होती. आपल्या अप्रेझलमध्ये बेल कर्व्हच्या कुठल्या टोकाला बसवलं आणि का, हे आपल्याला कोण लिहून देतं? शेजारच्या क्युबिकलमधला किती घेतो ते तरी माहीत असतं का?

त्यासाठी युनियनच काढायला हवी असं नाही. पण निदान प्रश्न तरी नीट विचारायला हवा. "मला किती मिळणार" च्या आधी "हे कसं ठरतं" हा प्रश्न. कारकुनांनी तो विचारला होता.