परभणी जिल्ह्यांतील वस्तीचा चढउतार व राज्यव्यवहार

जुन्या दप्तरांत एखाद्या गांवापुढें 'बेचिराख' असा शेरा आढळला, कीं वाचणारा दुष्काळ, पटकी किंवा फौजेची धामधूम यांपैकीं कांहींतरी झालें असावें असें समजून पुढचें पान उलटतो. त्या शेऱ्यामागें राज्यकारभाराचा हात किती, हें परभणी जिल्ह्यापुरतें येथें पाहावयाचें आहे. परभणी म्हणजे जुना जिल्हा समजावा. १९९९ सालीं वेगळा झालेला हिंगोली भागहि त्यांत धरला आहे. मोंगली अमलांत पाथरी हें वऱ्हाड सुभ्यांतील एक सरकार होतें. म्हणजे पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील मुलूख एकाच सुभ्याचा. ही गोष्ट पुढील विवेचनासाठीं ध्यानांत ठेवावी.

१८०३-०४ च्या युद्धानें व दुष्काळानें दख्खनची बहुत हानि झाली. ती भरून येण्याच्या काळांतच निजामाच्या राज्यांत चंदुलालाचा कारभार व त्याबरोबर महालांचा इजारा बळावला. इजारदाराला पुढील सालीं महाल आपल्याकडे राहील याचा भरंवसा नसे. मग पडलेली विहीर व उपाशी बैल यांकडे तो कशास पाहील? कुळें परागंदा झालीं म्हणजे त्यांस परत आणण्याचा जुना मार्ग इस्ताव्याच्या कौलाचा. पहिल्या वर्षीं नांवाला धारा, पुढें दरसाल थोडा चढ, आणि ठरल्या सालीं पूर्ण आकार. पण कौल देणाराच जेथें टिकत नाहीं, तेथें कौलाच्या कागदाला किंमत ती काय? केवळ कौल दिल्याचा कागद सांपडला म्हणून गांव वसला असें मानूं नये. रेसिडेंट मेटकाफ यानें १८२० नंतर इंग्रज अंमलदार नेमून गांववार मुदतीचे ठराव करविले. परंतु १८२९ सालीं नासिरुद्दौला गादीवर येतांच त्याच्या इच्छेनुसार ती देखरेख उठली व इजारा पुन्हा फोफावला.

१८५३ च्या तहानें कंटिंजंट फौजेच्या खर्चापायीं वऱ्हाड इंग्रजांच्या हातीं गेलें. याच फौजेची एक छावणी हिंगोलीस, निजामाच्याच मुलखांत होती, हा योगायोग मौजेचा खरा. पैनगंगा आतां दोन कारभारांमधील सरहद्द झाली. त्याच वर्षीं दिवाण झालेल्या सालारजंगानें इजारे मोडून पगारी तालुकदार नेमले, १८६५ मध्यें जिल्हाबंदी केली, आणि १८७५ पासून मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची पाहणी सुरू करविली. १८८१ च्या पहिल्या खानेसुमारींत जिल्ह्याची वस्ती सात लाखांच्या आंत होती, ती १८९१ मध्यें आठ लाखांवर गेली. यांतील कांहीं वाढ दुसऱ्या खेपेस मोजणी नीट झाल्याची असेल. तरी सारी वाढ कागदीच होती असें म्हणवत नाहीं.

यानंतर १८९९-१९०० चा दुष्काळ. १९०१ मध्यें जिल्ह्याची वस्ती साडेसहा लाखांच्याहि खालीं आली, म्हणजे दहा वर्षांत सुमारें एकपंचमांश माणूस कमी झालें. त्याच दशकांत वऱ्हाडची वस्ती २८,९७,४९१ वरून २७,५४,०१६ वर आली. घट शेंकडा पांच. शेजारचा मुलूख, तीच काळी जमीन, मग एवढें अंतर कां? अवर्षण सर्वत्र सारखें नसतें, हें कबूल. पण वऱ्हाडांतून आगगाडी १८६७ मध्येंच नागपुरास पोंचली होती. निजामाची गाडी १८७४ सालीं वाडीहून हैदराबादेस आली आणि पुढें कोळशाच्या व पूर्व किनाऱ्याच्या रोखानें १८८९ पर्यंत बेजवाड्यास गेली. गोदातीरचा मराठी मुलूख मागें राहिला. मनमाडची वाट परभणीवरून खुली झाली ती शतक संपतां संपतां, तोंपर्यंत दुष्काळानें गांव गाठलें होतें. धान्य आणावयास गाडी नसली म्हणजे माणसेंच धान्याकडे चालत जातात. या एकपंचमांशांत मेले किती व पैनगंगा उतरून गेले किती, हें खानेसुमारीच्या बेरजेवरून निघत नाहीं. सर्वांस मृत्यूच्या खातीं घालण्याची घाई मात्र बरी नव्हे.

नंतरची सावरण जलद झाली. १९११ पर्यंत एकंदर हैदराबाद संस्थानची वस्ती १,११,४१,१४२ वरून १,३३,७४,६७६ झाली. १९०५ मध्यें जिल्ह्यांच्या हद्दी बदलल्यामुळें परभणीचे पुढील आंकडे मागील आंकड्यांशीं सरळ ताडून पाहणें धोक्याचें आहे. लोहमार्गामुळें कापसाला गिऱ्हाईक मिळालें व १९१२ त पूर्णेहून हिंगोलीस फांटा गेला. तत्पूर्वीं, १९०२ सालीं, वऱ्हाड सालीना पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्यानें इंग्रजांकडे राहिलें होतें. तेव्हां पैनगंगेची सरहद्दहि पक्की झाली.

परत आलेलीं कुळें तींच होतीं कीं नवीं, हा प्रश्न उरतो. त्याचें उत्तर सरकारी छापील अहवालांत मिळावयाचें नाहीं. तें मिळेल तर देशमुख, देशपांडे व कुळकर्णी यांच्या घरच्या लावणीपत्रकांत आणि कौलांच्या नकलांत, कारण तेथें कुळांचीं नांवें सालवार असतात. पाथरी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, वसमत येथील ज्या सद्गृहस्थांपाशीं असे रुमाल असतील, त्यांनीं सनदा व निवाडे यांबरोबर हे रुक्ष दिसणारे हिशेबहि जपून ठेवावे. शके १८१५ ते १८३० या सालांचे कागद सलग असतील, तर त्यांच्या नकला अवश्य पाठवाव्या.