स्वतःचें निदान करणारा वैद्य

श्रोतेहो, रोग्याच्या अंगावरील खुणा पाहून त्याचें भवितव्य ओळखणें हें वैद्याचें नित्याचेंच काम आहे. परंतु जी खूण आपणच शिष्यांना शिकविली, ती एके दिवशीं आपल्याच देहावर दिसली तर? पॅरिसचे विख्यात वैद्य आर्मां त्रूसो यांच्यावर असा प्रसंग आला. त्याची, आणि त्यामागील रक्ताच्या गूढाची हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

त्रूसो यांचा जन्म १८०१ सालीं फ्रान्समधील तूर या शहरीं झाला. घटसर्पानें श्वास कोंडलेल्या मुलांच्या श्वासनलिकेला छेद देऊन त्यांचे प्राण वांचविण्याची शस्त्रक्रिया रूढ करणाऱ्यांत ते अग्रगण्य होते. ओतेल-द्यू या पुरातन रुग्णालयांतील त्यांच्या व्याख्यानांना विद्यार्थ्यांची दाटी होत असे.

बाळंतिणीच्या पायाला कधीं कधीं पांढरट, ठणकणारी सूज येते. आंतील नीलेंत, म्हणजे अशुद्ध रक्त वाहणाऱ्या शिरेंत, रक्त साकळल्यानें ती येते, हें त्या काळीं ठाऊक होतें. कर्करोगाच्या रोग्यांतहि अशा गुठळ्या आढळतात, हें बुइयो यांनीं १८२३ सालीं नमूद केलें होतें. त्रूसो आणखी एक पाऊल पुढें गेले. १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनीं असें प्रतिपादिलें कीं, पोटांतील दुखणें साधा व्रण आहे कीं कर्करोग, असा संशय असतांना जर नीलेंत गुठळी झाली, तर संशयाला जागा उरत नाहीं. शिरेच्या दाहामुळें रक्त साकळतें, ही त्या काळची प्रचलित समजूत. त्रूसो यांचें म्हणणें असें कीं, दाह नसतांनाहि या रोग्यांचें रक्तच साकळण्याकडे झुकलेलें असतें.

पुढें दोन वर्षेंहि झालीं नाहींत तोंच त्यांना स्वतःला पोटाचें दुखणें जडलें. १८६७ च्या आरंभीं शिरेला सूज आलेली दिसतांच त्यांनीं आपल्या एका शिष्याला सांगितलें कीं, आतां माझ्या रोगाविषयीं शंका राहिली नाहीं. माझा शेवट ठरला. निदान अचूक होतें. त्याच वर्षीं जून महिन्यांत जठराच्या कर्करोगानें त्यांचें देहावसान झालें.

असें कां व्हावें? आपल्या शरीरांत दोन परस्परविरोधी व्यवस्था अहोरात्र जाग्या असतात. जखम झाली कीं फायब्रिन या द्रव्याचे तंतु विणले जाऊन गुठळी बनते व रक्तस्राव थांबतो. काम संपलें कीं प्लाझ्मिन नांवाचें द्रव्य तेच तंतु तोडून वाट मोकळी करतें. या विलयनक्रियेचें नामकरण दास्त्र या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९३ सालीं केलें. कर्करोग या दोहोंमधील तोल बिघडवितो. रक्त साकळविण्याची क्रिया सुरू करणारें एक प्रथिन एरवीं रक्तवाहिन्यांच्या बाहेर असतें व जखम झाल्यावरच रक्ताला भेटतें. कित्येक कर्कपेशी मात्र तें स्वतःच निर्माण करतात. कोमट दुधांत विरजणाचा थेंब पडावा, तसें मग जखमेवांचूनच रक्त साकळूं लागतें.

परंतु तोल एकाच बाजूला ढळतो असें नाहीं. १९५७ सालीं नॉर्वेमधील हिलेस्टाड यांनीं रक्ताच्या कर्करोगाचा एक उग्र प्रकार वर्णिला. त्यांत तंतूंचें विलयन इतक्या झपाट्यानें होई कीं, रोगी थोड्याच आठवड्यांत रक्तस्रावानें दगावत. आज आपण जाणतों कीं, या रोगांत साकळणें आणि विरघळणें हीं दोन्ही एकदम उसळतात. साकळविणारीं द्रव्यें खर्ची पडतात आणि मग रक्त थांबत नाहीं. या रोगावर शांघायच्या वैद्यांनीं अ-जीवनसत्त्वापासून सिद्ध केलेलें औषध दिलें. १९८८ सालीं त्यांनीं २४ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्या सर्वांचा रोग ओसरला होता. एके काळीं हमखास प्राण घेणारा हा रोग आज बहुसंख्य रोग्यांत बरा होतो.

गुठळ्यांवरहि उपाय सांपडले. १९१६ सालीं अमेरिकेंतील बाल्टिमोर येथें मॅक्लीन नांवाच्या विद्यार्थ्याच्या प्रयोगांतून हेपॅरिनच्या शोधाला आरंभ झाला. २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका चाचणींत असें दिसलें कीं, कर्करोगाच्या रोग्यांना हेपॅरिनचा एक सुधारलेला प्रकार दिल्यास, वॉरफॅरिन या जुन्या औषधाच्या मानानें, पुन्हां गुठळी होण्याचें प्रमाण सुमारें निम्म्यावर येतें.

म्हणून श्रोतेहो, एकाच पायाला अकारण सूज येऊन तो दुखूं लागला, तर तेल चोळीत घरीं बसूं नये. गुठळी सुटून फुप्फुसांत गेली, तर तेवढ्यानेंहि प्राण जाऊं शकतो. बहुतेक गुठळ्यांमागें कर्करोग नसतो, हेंहि ध्यानांत असावें. भिण्याचें कारण नाहीं, पण वैद्याला दाखविण्यास विलंब नको. त्रूसो यांना ती खूण दिसली तेव्हां त्यांच्या हातीं औषध नव्हतें. आज तें आहे. मात्र खूण वेळेवर दिसली पाहिजे, आणि ती प्रथम दिसते ती घरच्या माणसांनाच.