ग्राहक मिळविण्याचा खर्च : किती परवडतो?

जाहिरातीवर किती खर्च करावा, हे बहुतेक छोटे व्यावसायिक शेजारच्याकडे पाहून ठरवितात. वास्तविक याचे उत्तर स्वतःच्याच हिशेबाच्या वहीत असते. एका ग्राहकामागे हाती किती उरते, हे ठाऊक असल्याखेरीज तो मिळविण्यासाठी किती रक्कम मोजावी, हे ठरत नाही.

हंगामावर चालणाऱ्या पर्यटन व्यवसायात हा हिशेब अधिकच निकडीचा ठरतो. आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरण हे त्याचे चांगले उदाहरण. घोड नदीवरील हे धरण कुकडी प्रकल्पातील पाच धरणांपैकी एक असून, घोडेगावहून भीमाशंकरकडे जाणारा रस्ता याच परिसरातून जातो. पावसाळ्यातील सुट्ट्या, श्रावण आणि महाशिवरात्र या काळात भीमाशंकरकडे गर्दीचा ओघ असतो. एरवी आठवड्याच्या मधल्या दिवसांत वर्दळ ओसरते. लगतच्या जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये राज्याचे कृषी पर्यटन धोरणही आले. अशा भागात घरगुती निवासाची सोय सुरू करणाऱ्या कुटुंबाचा हिशेब नमुन्यादाखल मांडता येईल. त्यातील आकडे केवळ समजण्यासाठी आहेत.

हाती काय उरते?

समजा, चौघांच्या कुटुंबाकडून एका मुक्कामाचे जेवणासह चार हजार रुपये मिळतात. शिधा, गॅस, धुलाई, वीज आणि मजुरी यांवर २,२०० रुपये जातात. उरले १,८००. परंतु हा नफा नव्हे. कर्जाचे हप्ते, डागडुजी, विमा असा वर्षाचा ठरलेला खर्च १ लाख ८० हजार आणि मुक्काम १५० धरले, तर प्रत्येक मुक्कामावर १,२०० रुपयांचा भार पडतो. शिल्लक राहतात अवघे ६०० रुपये.

खोल्यांची नोंदणी करून देणाऱ्या संकेतस्थळाने पंधरा टक्के दलाली घेतली, तर ती नेमकी ६०० रुपये होते. सर्वच पाहुणे याच मार्गाने आले, तर खोल्या भरलेल्या दिसतील. वर्षअखेरीस घरच्यांच्या कष्टाचा मोबदला मात्र शून्य असेल. मुक्कामामागे निदान ३०० रुपये सुटावेत, अशी अपेक्षा असेल तर ग्राहकामागील खर्चाची मर्यादा ३०० रुपयेच.

पुन्हा येणारा पाहुणा

दहांपैकी तीन कुटुंबे थेट दूरध्वनी करून आणखी एकदा आली, तर दहा कुटुंबांमागे तेरा मुक्काम होतात. प्रत्येकी ६०० प्रमाणे ७,८०० रुपये, म्हणजे कुटुंबामागे ७८० रुपये उरतात. खर्चाची कमाल मर्यादा तेवढी वाढते. मात्र तो पाहुणा पुढील वर्षी येणार असतो आणि बँकेचा हप्ता याच महिन्यात भरायचा असतो. म्हणून भावी उत्पन्नाच्या भरवशावर खर्च करताना हातातील रोकड पाहणे आवश्यक आहे.

दिवसागणिक मर्यादा वेगळी

श्रावणातील शनिवारी खोली तशीही भरणार असेल, तर त्या दिवसासाठीची जाहिरात वायाच जाते. उलट एप्रिलमधील मंगळवारी खोली रिकामीच राहणार असेल, तर ठरलेला खर्च चुकत नाही. अशा वेळी १,८०० रुपयांच्या आत मिळालेला पाहुणा काही ना काही भर घालतोच. सवलत द्यायची असल्यास ती अशाच दिवसांसाठी द्यावी. सवलत हाही ग्राहक मिळविण्याचा खर्चच होय.

मोजणी कशी करावी?

अमेरिकी जाहिराततज्ज्ञ क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ मधील आपल्या पुस्तकात, कोणत्या जाहिरातीमुळे किती कुपने परत आली यावरून खर्च जोखण्याचा आग्रह धरला होता. छोट्या व्यावसायिकाला त्यासाठी नोंदवही पुरते. प्रत्येक पाहुण्याला 'आमची माहिती कोठून मिळाली?' एवढे विचारून उत्तर लिहून ठेवावे.

नऊ हजारांच्या जाहिरातीनंतर साठ दूरध्वनी आले आणि पंधरा कुटुंबे मुक्कामी राहिली, तर खर्च दूरध्वनीमागे १५० नव्हे, तर कुटुंबामागे ६०० रुपये धरावा. त्यांतील पाच कुटुंबे ओळखीतून, जाहिरातीशिवायही आलीच असती, तर खरा खर्च ९०० रुपयांवर जातो. वरील हिशेबात तो परवडणारा नाही.

दर, शिधा वा हप्ता बदलला की ही मर्यादाही बदलते. त्यामुळे प्रत्येक हंगामापूर्वी हिशेब नव्याने मांडावा आणि जाहिरातीचा करार त्यानंतरच करावा.